उपदेशातली बहीण

आम्ही दोघी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला. ताई वाफेच्या इस्त्रीवर, मी घड्या घालायला. आमच्या खोलीत यंत्रांची अशी धडधड चालते, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. तिला त्याची गरज पडत नसे. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ती बोटं नाचवून सांगायची, 'चादरींची आणखी एक गाडी येतेय, आज आपलं काही खरं नाही', आणि मला हसू फुटायचं.

खुणांची भाषा ती कुठे जाऊन शिकली नव्हती, त्या भाषेतच वाढली होती. तिच्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आई कामावर जायची आणि भावाला सांभाळायला घरी हीच. पुढे तो कर्णबधिरांच्या शाळेत जाऊ लागला, तेव्हा शिकलेली प्रत्येक नवी खूण घरी आल्या आल्या ताईला शिकवायचा. हो, तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. पण ऐकू न येणाऱ्या लोकांत हाक मारायला नाव चालत नाही, खूण लागते. त्यांच्यात ताईची खूण आहे कपाळावरची बट फुंकरीने उडवणं. दोन्ही हात बोलण्यात गुंतलेले असले की ती तसंच करते.

आम्ही दोघी एकाच मंडळीच्या, म्हणजे एकाच चर्चच्या. जुने पाळक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हे नवे पास्टर आले, वयाने आमच्याहून लहान. त्यांच्या आधी आमच्या उपासनेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असत. वर्षभरात अशी गर्दी झाली, की उशिरा येणाऱ्याला व्हरांड्यात उभं राहावं लागे. मोठे पडदे आले, दिवे आले, उपदेश इंटरनेटवर जाऊ लागला. लोक काय काय बोलतात, पण माणूस दिखाऊ नव्हता. माझा नवरा आजारी होता तेव्हा हा माणूस इस्पितळाच्या बाकावर माझ्याबरोबर बसून राहिला होता, ते मी विसरणार नाही. आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी पुढची रांग राखून ठेवायची कल्पनाही त्यांचीच. त्यांनीच ताईला बोलावून मंचावर एका बाजूला उभं केलं. त्यांनी बोलायचं, तिने हातांनी सांगायचं. त्या रांगेत त्यांनाही खूण मिळाली होती: गालाजवळ बोट आडवं धरायचं. त्यांचा तो गालाला चिकटलेला बारीकसा माईक.

ताईची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली होती, ती गेल्या वर्षी वारली. भाऊ सुतार, संसार शहराच्या दुसऱ्या टोकाला, आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचं सगळं ताईने एकटीने केलं. दिवसभर इस्पितळाच्या चादरी, घरी गेलं की आईच्या. आई गेल्यावर ती रडली नाही, आणि आम्हाला वाटलं, किती खंबीर आहे. खरं काय ते मला नंतर कळलं. तिला प्रार्थनाच करता येत नव्हती. रविवारी मंचावर उभी राहून दुसऱ्यांच्या प्रार्थना ती हातांनी सांगायची आणि स्वतः आतून कोरडी ठणठणीत.

ते पास्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी एकदा तिला सभागृहामागच्या आपल्या खोलीत बसवून विचारलं, आणि तिने सांगून टाकलं. आई असताना एका दुपारी ती कामावरून आली. दाराशी पोचते तोच आतून आईची हाक ऐकू आली, पाणी मागत होती. ताईचे पाय उचलेनात. ती जिन्यावर बसली. आई हाका मारत राहिली आणि ही ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने उठली, आत गेली, पाणी दिलं. आई प्यायली. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. त्यानंतर आई कितीतरी महिने जगली, दोघी हसल्या, भांडल्या, सगळं झालं. पण ती नजर ताईच्या मनातून जाईना. डोळे मिटले, की तीच समोर.

पास्टर तिच्याबरोबर रडले. म्हणाले, "ताई, हे या चार भिंतींतच राहील."

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत आली तेव्हा तिचा चेहराच वेगळा होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काल प्रार्थना करता आली गं मला." कशाबद्दल, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग तो रविवार आला.

उपदेशाचा विषय होता, येशूच्या मागे चालणं म्हणजे काय. इथं हात वर करून गाणं सोपं आहे, पण घरी दाराआड आपण कोण असतो? पास्टर रंगात आले होते. मग त्यांनी आवाज खाली आणला. सभागृह चिडीचूप.

"आपल्याच मंडळीतली एक बहीण," ते म्हणाले. "सगळ्यांना मदत करणारी, सगळ्यांची लाडकी. घरी आई अंथरुणाला खिळलेली."

मला तेव्हाही काही वाटलं नाही. मी ताईकडे बघत होते. तिच्याकडे बघायची मला सवयच आहे, शब्दांपेक्षा तिच्या हातांतून मला जास्त कळतं. तिचे हात चालत होते, पण कसे? पाण्यातून चालल्यासारखे.

"ती बहीण कामावरून येते. आतून आई हाक मारतेय. पाणी दे गं, पाणी. आणि मुलगी काय करते? जिन्यावर बसून राहते." पास्टर थांबले. "मित्रांनो, शेवटी तिने दार उघडलं तेव्हा हाक बंद झाली होती. कायमची."

सभागृहातून एक सुस्कारा गेला. माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. "पण प्रभूने त्या बहिणीलाही क्षमा केली!" पास्टर गरजले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

ताईचे हात हवेत थांबले होते. मोठ्या पडद्याच्या कोपऱ्यात तिच्यासाठी एक छोटी चौकट असते. त्यात ते दोन हात तसेच दिसत होते, अर्धवट उघडे. पास्टर पुढच्या मुद्द्यावर गेले, ती गेली नाही. ती पुढच्या रांगेकडे पूर्ण वळली. तिथे मधोमध तिचा भाऊ बसला होता आणि तिच्या हातांवरून त्याची नजर हलत नव्हती. तिने पंजा स्वतःच्या छातीवर ठेवला. ती खूण मलाही येते.

'ती मी.'

खरं सांगते, वाटलं आपण चुकीचं वाचलं. पण भाऊ उठून उभा राहिला होता, त्याची खुर्ची मागे आपटली. कुणाला तरी चक्कर आली असं समजून मागचे लोक माना उंच करून बघायला लागले. त्याने हातांनी विचारलं, इतक्या जोरात, की तळहातावर तळहात आपटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

'पाणी दिलं नाहीस?'

'दिलं. उशिरा दिलं. आई तशी गेली नाही. तो सांगतोय ते खोटं आहे.'

पण भावाने शेवटचं पाहिलंच नाही. तो मधल्या वाटेने चालू लागला होता. त्या रांगेतली बाकी सगळी डोकी पास्टरांकडे वळली. पास्टर अजून हसतच होते. "काही झालं का?" त्यांनी माईकमधून विचारलं. चारशे माणसांच्या त्या सभागृहात काय घडलं ते एका रांगेला सोडून कुणालाच कळलं नव्हतं. कुणीतरी खूण केली आणि वाद्यवृंदाने घाईघाईने गाणं सुरू केलं.

मी ताईला हाताला धरून खाली आणलं. ती म्हणाली, "मला त्या खोलीत जायचंय."

पास्टर गालावरचा माईक काढत आत आले. आम्हाला बघून त्यांनी आधी दार लावलं. "ताई, मी नाव कुठे घेतलं?" ते म्हणाले. "कुणालाही कळलं नसतं. तुम्ही स्वतःच..."

"माझा भाऊ समोर बसला होता."

"हो, पण तो तर..."

"तो तर काय?" ताई म्हणाली. "त्याला ऐकू येत नाही, असंच ना? तो सगळं ऐकतो. माझ्या हातांतून ऐकतो. तुम्हीच मला तिथं उभं केलंत ना पास्टर, त्याने ऐकावं म्हणून?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा मला समजलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता, आपलं बोलणं ताईच हातांनी सांगते हे तो खरोखरच विसरला होता. इतके रविवार शेजारी उभी असलेली बाई त्याच्या लेखी त्या पडद्यासारखीच एक वस्तू झाली होती.

"आणि आई मेली असं का सांगितलंत?" ताईने विचारलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं, ती पाणी प्यायली. मग किती महिने होती ती."

पास्टर हळूच म्हणाले, "उदाहरणाला जरा जोर यावा म्हणून."

जोर यावा म्हणून! मी आयुष्यात बरंच काही ऐकलंय, लाँड्रीत काम करते, पण असं उत्तर नाही ऐकलं. त्यांच्या जोरासाठी त्यांनी तिची आई तहानलेली मारली, आणि तेही तिच्याच हातांनी, तिच्याच भावासमोर.

तेवढ्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीचे अध्यक्ष आत आले. निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी एकंदर रंग ओळखला आणि ताईच्या डोक्यावर हात ठेवला. "हे बघ पोरी, झालं ते झालं. इंटरनेटवरचा तेवढा भाग कापून टाकायला सांगतो. उगाच बोभाटा नको. मंडळीची इभ्रत आहे."

"कापा," ताई म्हणाली. "माझ्या भावाच्या डोक्यातून कसा कापाल, तेही बघा."

त्याच दुपारी ती भावाच्या कारखान्यावर गेली. तो फळीवर रंधा मारत होता. तिला बघितलं आणि पाठ फिरवली. ऐकू न येणाऱ्या माणसाने पाठ फिरवली, की बोलणं तिथेच संपतं. तुम्ही ओरडू शकत नाही, दारावर धडका देऊ शकत नाही. तिने दिव्याचं बटण खालीवर केलं, त्याला बोलवायची घरातली जुनी पद्धत. तो वळला नाही. ती भुशात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. तेच.

लाँड्रीत तिचे हात गप्प झाले. काही सांगायचं तर ती जवळ येऊन कानात ओरडायची, आणि मला ते ओरडणं सहन व्हायचं नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "क्षमा करा, क्षमा करा, किती रविवार सांगत आले मी. ती खूण किती सोपी आहे माहितीये? तळहातावरून तळहात पुसायचा. झालं." तिने करून दाखवली, मग स्वतःच्या हाताकडे बघत बसली. "मला वाटायचं मी येशूच्या मागे चाललेय. पास्टरांचं नुसतं नाव निघालं तरी दात आवळले जातात माझे. कसली शिष्य मी?"

पास्टर आले ते अशाच एका दुपारी. लाँड्रीच्या मागच्या दाराशी, मळक्या चादरींच्या गाड्या उभ्या असतात तिथं. दाढी वाढलेली. म्हणाले, "येत्या रविवारी मी मंचावरून सगळ्यांसमोर माफी मागतो."

"परत मंचावर?" ताई म्हणाली. "परत माझीच गोष्ट? टाळ्याही पडतील बघा."

मला वाटलं पास्टर आता जातील. पण ते त्या गाडीच्या कडेला टेकले आणि जे बोलले, त्याने मी हादरले.

"ताई, स्वतःसाठी शेवटची प्रार्थना कधी केली ते मला आठवत नाही. पवित्र शास्त्र उघडतो ते उपदेशासाठी. लोक मन मोकळं करायला येतात, आणि मी ऐकत असताना आत कुणीतरी म्हणत असतो, हे रविवारी चालेल. तुम्ही रडत होतात ना, मीही रडत होतो. खोटं नव्हतं ते. पण तेव्हाही तो आतला म्हणत होता, हे चालेल."

मी देवाच्या माणसाच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. ताई मात्र शांत होती.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "माझ्या भावाला सांगा. आई तहानलेली गेली नाही, ते तुम्ही घुसडलंत, हे त्याला सांगा."

"येतो. आत्ता येतो. तुम्ही बरोबर चला, मी बोलतो, तुम्ही त्याला..."

"नाही. माझे हात तुम्ही एकदा वापरलेत. आता स्वतःचे वापरा."

"लिहून देऊ का?"

"लिहिलेली भाषा त्याला परकी आहे. आणि लिहिणं तुम्हाला सोपं जाईल."

सुट्टी संपल्याचा भोंगा वाजला. ती आत गेली.

पास्टर खरोखर शिकायला लागले. कर्णबधिरांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडे जाऊन लहान मुलांच्या बाकावर बसायचे. पंचकमिटीला सांगून त्यांनी उपदेश थांबवला. मास्तरच बायबलमधलं वाचून दाखवायचे, कसंबसं. मंडळीत कुजबुज सुरू झाली, खुर्च्या पुन्हा रिकाम्या पडू लागल्या, आणि हळूहळू गोष्ट फुटली. गंमत म्हणजे लोकांचा राग पास्टरांवर नव्हता, ताईवर होता. "एवढ्यातेवढ्यावरून चांगल्या सेवकाला घालवलं," असं एका बाईने मला तोंडावर सांगितलं. आईला पाणी न देणारी म्हणून दोघीतिघींनी तिच्याशी बोलणं टाकलं. मी चकित व्हायचंही आता सोडून दिलं होतं, तरी झाले.

एक दिवस पास्टर सुताराच्या कारखान्यात जाऊन उभे राहिले. तिथे काय झालं ते नंतर भावाने ताईला नकलेसकट दाखवलं आणि ताईने मला. पास्टर घामाघूम झाले होते. क्षमेची खूण करताना तळहात इतक्यांदा घासला, की तिचा अर्थ झाला 'साबण लावा'. भाऊ हसला नाही. पण पाठही फिरवली नाही. रंधा बाजूला ठेवून, लहान मुलाशी बोलावं तसं एकेक खूण सावकाश करत त्याने विचारलं.

'आई पाणी प्यायली?'

'हो.'

'बहिणीने दिलं?'

'हो. मी खोटं सांगितलं.'

'का?'

याचं उत्तर द्यायला पास्टरांजवळ खुणाच नव्हत्या. त्यांनी बराच वेळ हात नुसते वरखाली केले. मग स्वतःच्या गालाजवळ बोट आडवं धरलं. आपल्याला त्या रांगेत काय म्हणतात ते त्यांना शाळेत कळलं होतं. मग हवेत दोन्ही हात हलवले, टाळ्या वाजवणारी माणसं, खूप माणसं. आणि मूठ पोटावर दाबली. भूक.

भावाला कळलं. त्याने मान हलवली, रंधा उचलला आणि कामाला लागला. क्षमा केली म्हणाला नाही, नाही केली असंही म्हणाला नाही.

संध्याकाळी तो ताईच्या घरी आला. दारातच उभं राहून विचारलं, 'जिन्यावर बसलीस ते तरी खरं?'

'खरं.'

'मला का नाही सांगितलंस?'

'काय म्हणाला असतास?'

'मी आलो असतो. रोज आलो असतो. तू दमलीस हे मला कधी सांगितलंच नाहीस.' त्याचे हात रागाने चालत होते. 'जगातल्या सगळ्यांचं बोलणं मला सांगत आलीस. दुकानदाराचं, डॉक्टरचं, पास्टरचं. तुझं स्वतःचं एकदाही नाही. मला वाटायचं, आईकडे सगळं ठीक चाललंय. मी आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखा यायचो आणि जेवून जायचो.'

हे मला सांगताना ताई इस्त्रीच्या टेबलाला धरून उभी होती. म्हणाली, "मला कधी सुचलंच नाही गं, त्याला सांगावं. मी त्याला सांभाळायचं, एवढंच डोक्यात." आईच्या मरणाचं रडू तिला त्या संध्याकाळी आलं, भावासमोर. तोही रडला.

पास्टर आमच्या मंडळीत परत उपदेशाला उभे राहिले नाहीत. दूरच्या एका लहान मंडळीत गेले, तिथे पडदे नाहीत की माईक नाही. त्यांच्या जागी आलेल्या पाळकांचा आवाज बेताचा आहे, आणि त्या मागच्या खोलीत सांगितलेलं तिथेच राहील, असं पंचकमिटीने त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं. हे बजावावं लागतं, याचंच मला नवल वाटतं. मंचावर आता त्या शाळेतली एक तरुण मुलगी उभी राहते. ताई पुढच्या रांगेत भावाशेजारी बसते, आणि त्या मुलीची एखादी खूण चुकली की दोघं एकमेकांना कोपर मारतात.

मी तिला मध्ये एकदा विचारलं, "पास्टरांना क्षमा केलीस का गं?"

तिने एक चादर यंत्रात सरकवली, दुसऱ्या बाजूने काढली. "काल केली होती," ती म्हणाली. "आज सकाळी उठले तर परत राग आलेला. मग परत बसले प्रार्थनेला."